बांधाकडची दोन झाडं

ऋषिराजनं पुण्याहून आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांचा डबा आणला आणि अख्ख्या सणसर गावात दत्तोबांची मान ताठ झाली. रोज सकाळी लेक स्वतःच्या हातानं त्यांच्या तळव्यावर गोळी ठेवायचा, पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि शेजारी बसून विचारायचा, "आबा, गरगरतंय का? पोटात जळजळतंय का? झोप लागली न्हवं?"

"असा लेक मिळायला नशीब लागतं," दूध घालायला डेअरीवर गेले की दत्तोबा सांगत सुटायचे.

त्या सकाळी डाळिंबावर नवं औषध मारायचं होतं. गडी पंप घेऊन बागेत शिरणार, तोच दत्तोबा ओसरीवरून ओरडले, "अरं, फळाच्या झाडांवर नगं! आधी बांधाकडच्या त्या दोन म्हाताऱ्या झाडांवर मारून बघ. पानं करपत्यात का ते चार दिस बघायचं. ती जळली तरी आपलं काय जात न्हाय."

गडी बांधाकडं वळला. ऋषिराजनं रोजच्यासारखी गोळी हातावर ठेवली. दत्तोबांना भरून आलं.

"तूबी घे की रं एक. तुला माझ्यापरीस जास्त जगायचंय."

"घेणार की, आबा," ऋषिराज हसला. "माझ्यासाठीच तर आणल्यात. तुमाला काय होत न्हाय ना, तेवढं बघतो आन् मग चालू करतो."

गोळी ओठांपाशी नेलेला दत्तोबांचा हात तिथंच थांबला. बांधाकडं पंप सुरू झाला होता.