लिटरभर

नवऱ्याच्या किडन्या थकल्यापासून त्याला दिवसाला लिटरभरच पाणी. शिवणकाम करणारी बायको रोज सकाळी बाटली भरायची, टेपनं मोजून तिच्यावर रेघा मारायची आणि दिवसभर एकेका घोटावरून त्याची कटकट ऐकून घ्यायची. त्याच्यादेखत पाणी पिणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून तीही तहान मारून मशीन चालवत राहायची.

दोन वर्षांनी तिच्या पाठीत कळा उठल्या. नवराच तिला दवाखान्यात घेऊन गेला.

"मुतखडा झालाय. पाणी पीतच नाही का हो तुम्ही?" डॉक्टर वैतागले. "आता रोज तीन लिटर, न चुकता!"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर त्यानं भरलेला जग तिच्यापुढे ठेवला.


मग खुर्ची भिंतीकडे फिरवून बसला आणि म्हणाला, "पी आता. मी बघत नाही."