हॉटडॉगचं पक्कं गिऱ्हाईक

“हे न्हाई. दुसरं दाव,” म्हणत धुरपताबाईनं चौथं पाकीटही बर्फाच्या पेटीवर ठेवून दिलं.

राजेश्रीनं ओठ आवळले. झाकण सारखं उघडून निम्मा बर्फ वितळला होता. ताडकळसचा बाजार उठायला आला होता आणि सकाळपासून हॉटडॉगची जेमतेम पाच पाकिटं खपली होती. आज वीस गेली नाहीत तर पुढच्या आठवड्यापासून इथली पेटी बंद आणि तुझं कामही बंद, असं पुण्याकडच्या कारखान्यात बसणाऱ्या साहेबांनी कालच सुनावलं होतं.

चौकशीला मात्र तोटा नव्हता. लांबुळक्या पावात सोयाची नळी, बाजूला सॉसची पुडी आणि चार मक्याचे दाणे. लोक पाकीट उलटंपालटं करत. गरम करूनच खायचं तर बर्फात कशाला घातलंय, असं विचारत. चवीचा फुकट तुकडा तोंडात टाकत आणि मेथीच्या जुड्यांकडे वळत.

दर बाजारी न चुकता घेणारी एकच, ती ही धुरपताबाई. अक्षरओळख नाही, पण पाकिटाची मागची बाजू अशी डोळ्यांजवळ धरायची की एखाद्या मास्तरणीनं पाहत राहावं. कधी तुकडा चाखला नाही, कधी भाव केला नाही. एकेक पाकीट बाजूला सारायची, त्यातलं एक उचलायची आणि चालू लागायची. तारीख बघत असेल म्हणावं, तर तारीख सगळ्यांवर सारखीच. राजेश्रीनं पुष्कळ डोकं चालवलं होतं, पण ही बाई काही तिला उलगडत नव्हती.

सातव्या पाकिटावर धुरपताबाईचं बोट थांबलं. कोपऱ्यात बारीकशी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर सतराचा आकडा. बाईचा चेहरा एकदम खुलला.

आता मात्र राजेश्रीला राहवेना.

“मावशी, सगळ्यांत माल एकच आहे. चवही एकच.”

“चव म्या कुठं बघितली, बाई? शेजारची लेकरं खात्यात.”

“मग हेच पाकीट कशाला?”

धुरपताबाईनं इकडंतिकडं पाहिलं. पाकीट पदराखाली घेतलं.

“पाकीट बंद करणारीचा नंबर हाय त्यो. माझी लेक प्रियांका. घरच्यांच्या मर्जीबिगर लगीन केलं तिनं. दोन साल झाले, आमचे मालक, तिचा बाप, तिचं नाव काढू देत न्हाईत. माझ्यापाशी ना फोन, ना पत्ता. तिच्या मैतरणीनं तेवढा हा आकडा माझ्या हातावर गिरवून दावला. ह्यो दिसला की समजायचं, पोरगी खुशाल हाय, कामावर जायलीय.” मग तिनं हळूच विचारलं, “फुडल्या बाजाराला येशील ना, बाई?”

तेवढ्यात राजेश्रीचा फोन वाजला. साहेब होते.

“बोल, किती गेली?”

“साहेब, ते राहू द्या,” राजेश्री म्हणाली. “आधी पॅकिंगच्या सतरा नंबरला फोनवर बोलवा. तिची आई आली आहे.”