मुंगीची उडी

"मुंगी चालली वावरातून,
मुंगी चालली धुऱ्यावरून,
नदी लागली, थांबली थोडी…"

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ऐकलेला तो आवाज रूपरावांच्या कानातून कधी गेलाच नाही. नवी नवरी जिजाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तिची दोन बोटं त्यांच्या टाचेवरून निघाली आणि तळव्याच्या खळगीशी येऊन थांबली.

"आन् उडी?" त्यांनी विचारलं.

"मुंगी सांगून उडी मारते काय जी? सांगतलं तं हासू येत नाई. आपली आपण मारली तरी येत नाई. दुसऱ्याचाच हात लागते."

आणि बोटांनी उडी मारली. चारचौघांत ओठ न उघडणारा तो माणूस खाटेवरून खाली घसरेपर्यंत हसला.

तेव्हापासून अल्लीपूरच्या त्या अंगणात तिन्हीसांजा झाल्या की मुंगी निघायची. मुलगी लग्नाची झाली तरी निघायची. "माय, सोड वं आता बाबाले," आकांक्षा आतून म्हणायची.

पण गेल्या वर्षीच्या कापूसवेचणीपासून रूपरावांना मुंगी समजेनाशी झाली होती.

आधी पोटरीवर फिक्कट चट्टा उठला. मग एकदा वावरात चप्पल पायातून सुटून मागेच राहिली आणि ते तसेच धुऱ्याचा बांध ओलांडून गेले. तळवा जणू दुसऱ्याच कोणाचा. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. गिरडचे पाहुणे आकांक्षाला नुकतेच पसंत करून गेले होते. पण खरी भीती त्याहून खोल होती. जिजाबाईनं या पायाला हात लावायचंच सोडलं तर?

म्हणून ते तिच्या बोटांवर नजर ठेवत. उडी दिसली की हसत.

तिला संशय आला नाही. तीही मान खाली घालून, बोटांकडे बघतच गायची. बाई मोठी कणखर. बोंडांच्या काट्यांनी बाकीच्या बायांची बोटं रक्ताळायची, ही आपली वेचत पुढं. चुलीवरचं भगुणं फडक्याशिवाय उतरवायची. सुईत दोरा तेवढा हल्ली आकांक्षाकडून ओवून घ्यायची.

त्या दिवशी दुपारी आरोग्य खात्याची आशाताई रूपाली दारात आली. गावात घरोघरी कुष्ठरोगाची तपासणी चालली होती.

"उद्या सकायी घरीच राहा. काकाजी, तुमी डोये मिटाचे. मी कापूस लावीन. कोठी लागला, थे सांगाचं. बस."

"आन् नाई समजलं तं?" रूपरावांनी विचारलं.

"तं गोया घ्याच्या. फुकट हायेत, बरा होते. लपवून ठेवलं तं मंग हातपाय वाकडे होते."

"यायले तं गुदगुल्याच होईन," जिजाबाई म्हणाली. "रोज हासते."

रूपराव हसले नाहीत.

संध्याकाळी लाइट गेली. कडुनिंबाच्या मोहोराचा वास अंगणात उतरला. अंधार असा मऊ, की खाट, माणूस, झाड, कशालाच कड उरली नव्हती.

"लाइट येऊ द्या," जिजाबाई नेहमीसारखी म्हणाली.

"आज अंधारातच चालू दे मुंगी."

"अंधारात?"

"उद्या डोये मिटाचेच हायेत."

ती पायथ्याशी सरकून बसली. मग तोच जुना आवाज, थोडा जाडसर झालेला, अंधारातून चालत आला. वावरातून. धुऱ्यावरून. नदीपाशी आला आणि थांबला.

रूपराव वाट बघत राहिले. उडी झाली, की व्हायची होती?

"हासून नाई राह्यले?" तिनं हळूच विचारलं.

"मारली काय उडी?"

त्यांनी डोळे क्षणभर मिटले.

"जिजे, मले तळव्यात काईच समजत नाई वं. वर्ष झालं. पाहून पाहून हासतो मी."

लाइट आली. जिजाबाई अजून वाकलेलीच होती. तिची दोन बोटं अजून जागच्या जागी हलत होती. रूपरावांचा पाय वीतभर पलीकडं होता. बोटं खाटेच्या लाकडावर होती.

तिनंही ते पाहिलं. हात मात्र उचलला नाही.

"मुंगी कोठी हाये," ती म्हणाली, "थे मलेबी दिसल्याशिवाय नाई समजत जी."