कडी पक्की केली

वेल्डिंगचा चरचराट कानावर आला तेव्हा पंचशीलाच्या हातात भाकरीचा दुसराच घास होता. तो ताटात टाकून ती उठली. "ताई, खाऊन तर घ्या, सकाळपासून पोटात काई न्हाई तुमच्या," साखराबाई मागून म्हणत राहिली. पण गावची सरपंच असलेली पंचशीला चप्पल न घालताच अंगणात पोचली होती.

बोअरजवळच्या लिंबाखाली साखराबाईचा नवरा शंकरप्पा उकिडवा बसला होता. एका हातात काळी काच, दुसऱ्या हातात वेल्डिंगचा रॉड, आणि पुढ्यात ओल्या पोत्यावर मुठीएवढा चुंबक. हाच चुंबक तिने लातूरहून पिशवीत घालून, पोटाशी धरून आणला होता. आता त्याच्या दोर बांधायच्या कडीभोवती लालभडक टाके दिसत होते.

"अण्णा, हे काय केलंत?"

"कडी पक्की केली." शंकरप्पाने काच खाली ठेवली. "नुसती आट्यांवर होती, ताई. बोअरमंदी सुटली तर? पाना तर घालवलाच मी, आता चुंबकबी घालवू काय?"

पाना त्याच्याच हातून पडला होता. बोअरचं पाणी खाली गेलं आणि मोटर वरच कोरडी राहिली, म्हणून ती आणखी खाली सोडायची होती. तेवढ्यात पाना निसटला आणि मोटर आणि खडकाच्या मध्ये जाऊन बसला. तेव्हापासून मोटर वर येईना की खाली जाईना. पाणी होतं, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं, आणि सगळं गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होतं. शंकरप्पाने तारेचे आकडे करून सोडले, एकही लागला नाही. शेवटी कुणीतरी चुंबक मिळणाऱ्या लातूरच्या दुकानाचं नाव सांगितलं आणि पंचशीला स्वतः गेली.

येताना उदगीरच्या अलीकडे रास्ता रोको. नवा जिल्हा झालाच पाहिजे. एका कार्यकर्त्याने एसटीच्या खिडकीशी येऊन तिला समजावलं, की आपला जिल्हा झाला म्हणजे असल्या वस्तूंसाठी लातूरला हेलपाटा घालायला नको. तिला त्या वेळी जिल्ह्याचं काही पडलं नव्हतं, फक्त गाडी हलायला हवी होती. ऊन माथ्यावर येईपर्यंत ती पिशवी मांडीवर घेऊन धुसफुसत बसली.

गावात उतरल्या उतरल्या तिने दुकानदाराचं बोलणं सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं होतं. हा साधा चुंबक नाही, निओडिमियम नावाच्या धातूचा आहे. स्पीकरमध्ये घालतात, बॅटरीच्या स्कूटरच्या मोटरीत घालतात. लोखंडाच्या आणि त्याच्या मध्ये बोट आलं तर ठेचेल. आपटला तर काचेसारखा फुटेल. मोबाईल, घड्याळ लांब ठेवा. आणि तापवायचा नाही, तापला की जोर गेला. लोकांनी माना डोलावल्या. मग मलप्पाच्या ट्रॅक्टरला चिकटवून पाहिला, तर सोडवायला दोन गडी लागले. कितीतरी दिवसांनी बोअरपाशी कुणीतरी हसलं होतं.

"तापवायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मी कुठं तापवला?" शंकरप्पा खरंच गोंधळला. "उन्हातबी ठिवला न्हाई. सावलीत घेतला, खाली वलं पोतं घातलं. निस्ते टाके मारले. त्याच्या वढीनं ठिणगीच बाजूला पळत हुती, टाका धरंना, म्हणून जरा जास्त मारावं लागलं. लाईट आत्ताच आली ना, ताई. पुन्हा गेली तर कवा येती कुणाला ठावं."

यात एक शब्द खोटा नव्हता. माणसाने मुद्दाम वाट लावली तर चार शब्द सुनावता येतात. जीव लावून वाट लावली तर काय करायचं, हे पंचशीलाला कळेना. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

तिने त्याच्या डब्यातून एक खिळा उचलला आणि चुंबकाला लावला. खिळा घसरून पोत्यावर पडला. तिने नट लावून पाहिला, तोही पडला. शंकरप्पाने तिच्या हातातून खिळा घेतला, या बाजूने लावला, त्या बाजूने लावला, मग खालून लावला.

"गरम हाय म्हणून आसंल," तो म्हणाला. "निवला की येतो का न्हाई जोर परत?"

दुकानदाराने तेही सांगितलं होतं. एकदा जोर गेला की कारखान्यातच भरावा लागतो, नाहीतर नुसता डबर. तिने सांगायला तोंड उघडलं. पण लाईट आलेली पाहून बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या होत्या आणि बोअरभोवती उभ्या राहून तिच्याचकडे बघत होत्या. तिने खाली वाकून पडलेला नट उचलला.

तेवढ्यात साखराबाई घरातून तांब्या भरून घेऊन आली. कुणाला काही न विचारता तिने तो चुंबकावर ओतला. चर्र झालं, वाफ निघाली, आणि पाणी पोत्यातून झिरपून मातीत गेलं. एरवी भांडं विसळायला कुणी थेंब जास्त घेतला तरी तिथे भांडण पेटायचं. आता सगळ्यांचे डोळे चुंबकावर होते.

शंकरप्पाने खिळा धोतराला पुसला आणि हळूच चुंबकाला टेकवला. सगळ्या वाकून बघू लागल्या. त्याने बोट काढलं. खिळा पडला.

"आजून येक तांब्या आणू का?" साखराबाईने विचारलं.