शेवटची पायरी

बाळाच्या कानांच्या तपासणीची वेळ दवाखान्याच्या साइटवर सकाळी आठला खुली व्हायची आणि मिनिटात संपायची. म्हणून एकदा मी स्वतः वेळ घेऊन पाहिली, प्रत्येक क्लिकमागचा एपीआय कॉल, म्हणजे साइटला जाणारा आदेश, रेकॉर्ड केला आणि एआय एजंटला बजावलं, "वेळ मिळेपर्यंत रोज हेच कर." रोज त्याचा निरोप यायचा, "काम पूर्ण." वेळ पक्की झाल्याचा दवाखान्याचा मेसेज मात्र येईना. नवव्या दिवशी वैतागून फोन लावला. "अहो ताई, रोज तुम्हीच वेळ घेता नि लगेच रद्द करता," तिकडची बाई कडाडली. "भातुकली मांडलीय का? महिनाभर नाव बंद!" नोंदलेल्या पायऱ्या तपासल्या. शेवटची पायरी होती ‘रद्द’. पहिल्यांदा मिळालेली वेळ माझ्या मीटिंगच्या आड आली, म्हणून रेकॉर्डिंग चालू असतानाच मीच ती सोडली होती. बाळाच्या पाठीमागे नवऱ्यानं खुळखुळा वाजवला. मान फक्त माझी वळली.