अधुरी शिक्षा

“इन्हें भी तैयार कर दीजिए, हेमलताजी,” मल्होत्रासाहेब म्हणाले, जणू भाजीला फोडणीच द्यायची होती.

समोर ऋग्वेद उभा होता. दिल्लीच्या द्वारका भागातल्या या हॉटेलच्या हाउसकीपिंगचा नवा मॅनेजर. हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री ताजी, कोट अजून अंगाला न सरावलेला, पण मुलगा नम्र. त्याच्याबद्दल हेमलताची काहीच तक्रार नव्हती. तक्रार खुर्चीबद्दल होती. आधीच्या मॅनेजरबाई सोडून गेल्यापासून खोल्यांचं सगळं खातं तीच चालवत होती आणि ती खुर्ची आता आपली, हे तिनं मनाशी धरलं होतं. सकाळी निघताना प्रफुल्लनं, तिच्या नवऱ्यानं, विचारलंही होतं, “आज पोस्ट मागणार ना?”

“मागायची कशाला? माझीच आहे,” ती म्हणाली होती.

आता तिला राग आला, आणि तो तिनं लपवला नाही.

“साहब, पिछली मॅडम को मैंने सिखाया. उनसे पहलेवाले सर को भी. ये कुर्सी मुझे क्यों नहीं?”

मल्होत्रासाहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर भांडणं सोपं गेलं असतं. “काम में आप जैसा कोई नहीं,” ते म्हणाले. “लेकिन पोस्ट के लिए डिग्री चाहिए. और आपकी तो शिक्षा...” शब्द तोंडातून निघाला आणि त्यांना तो किस्सा आठवलाच. “ऋग्वेद, पता है, इंटरव्ह्यू में ये क्या बोली थीं?”

हेमलतानं दात आवळले. किस्सा हॉटेलातल्या भिंतींनासुद्धा पाठ होता. लग्न होऊन ती वर्ध्याहून दिल्लीत आली होती. बी.ए. अर्धवट सुटलेलं, हिंदी जेमतेम. याच खोलीत याच माणसानं विचारलं होतं, “आपकी शिक्षा?” मराठीत शिकतात ते शिक्षण, शिक्षा होते ती गुन्हेगाराला. ती पांढरीफटक पडली आणि म्हणाली, “शिक्षा? मैंने क्या किया, साहब?” तेव्हापासून दर दिवाळीच्या पार्टीत साहेब तिची नक्कल करत. सगळ्यांबरोबर तीही हसत असे.

आजही साहेबांनी नक्कल केली, अगदी डोळे मोठे करून. पण आज ती हसली नाही. ऋग्वेद बुटांकडे बघत राहिला.

साहेबांनी हसून ओले झालेले डोळे पुसले. “तो बस, इन्हें सब सिखा दीजिए.”

“डिग्री में नहीं सिखाया?”

“अरे, डिग्री से काम थोडे ही आता है!” साहेब बोलून गेले.

साहेबांनी उगाच टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

हेमलतानं गळ्यातलं मास्टर कार्ड काढलं. हॉटेलातली कुठलीही खोली त्या कार्डानं उघडत असे. तिनं ते साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. दुसरी नोकरी हाताशी नव्हती, घरी काय सांगायचं तेही ठरलं नव्हतं. तरी ती दाराकडे वळली.

“ये क्या, हेमलताजी? आपकी शिक्षा अधूरी रह गई, इसमें मेरा क्या कसूर?”

“अधूरी कहां, साहब?” ती दाराशी थांबून म्हणाली. “आज पूरी हुई.”

साहेबांना काही कळेना. “कौनसी?”

“मराठीवाली.”