पाठ केलेलं उद्दिष्ट

आयएसओचा ऑडिटर येणार म्हणून डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात सुपरवायझरने पॅकिंगच्या बारा बायकांकडून खात्याचं उद्दिष्ट इंग्रजीत घोकून घेतलेलं. सर्टिफिकेट मिळालं की नोकरी पक्की, असं ऐकून मालू भाकऱ्या थापतानाही तेच पुटपुटत होती.

ऑडिटरने नेमकं तिलाच विचारलं. तिने एका दमात, न अडखळता म्हणून दाखवलं.

"छान. पण नियमाप्रमाणे ते समजलेलं हवं. अर्थ सांगा बघू."

मालू ओशाळली. "तेवढा तुम्हीच सांगा ना, साहेब."

"मार्चपर्यंत हातानं पॅकिंग बंद. सगळं मशीनवर."

मालूने हातातला खोका हळूच खाली ठेवला.

ऑडिटरने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, 'उद्दिष्ट कामगारांना समजले आहे.'